एका खोलीची मालकी



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. महाबळेश्वरी तर ते अगदी साहजिक आहे. प्रतापगड येथून हाकेच्या अंतरावर आहे. आजचा माझा विषय मात्र गडावरचा नाही, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा आहे. त्या पानावर बारीक टाइपात एक जाहिरात थोड्याफार फरकाने नेहमी सापडते : 'शांत वस्तीत, सहकारी सोसायटीतील, एका खोलीचे स्वतंत्र घर विकणे आहे.' आपण ती वाचतो, किंमत पाहून उसासा टाकतो आणि पान उलटतो. एखादा संशोधक शिलालेख पुढे घेऊन त्यातील एकेक शब्द सोडवीत बसतो, तशी ही एक ओळ आज आपण सोडवून पाहू. 'एक खोली', 'सोसायटी', 'शांत' आणि 'विकणे' या चार शब्दांमागे गेल्या सव्वाशे वर्षांचा महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास उभा आहे, आणि त्यात सातारा-सांगलीकडच्या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

प्रथम 'एक खोली' घेऊ.

मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गिरणीला माणसे लागली आणि ती कोकणातून व घाटावरून गेली. जावळी, पाटण, वाई, खटाव, शिराळा या भागांतील ज्या घरातून कोणी मुंबईस गेलेच नाही असे घर त्या काळी विरळा. माणसे गेली, पण त्यांना राहावयास जागा कोण देणार? घरमालकांनी चाळी बांधल्या. लांबलचक सामाईक ओटी, तिच्या कडेला एकास एक लागून खोल्या, टोकाला सर्वांचे मिळून नळ आणि संडास. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, तेव्हा या दाटीचे भयंकर स्वरूप साऱ्या जगापुढे आले. त्या धक्क्यातूनच १८९८ साली मुंबईचे सुधार मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'सुधार ट्रस्ट', स्थापन झाले. जुन्या दाट वस्त्या पाडाव्यात, रुंद रस्ते काढावेत, नव्या जमिनी तयार करून त्या भाडेपट्ट्याने द्याव्यात आणि काही चाळी स्वतः बांधाव्यात, असे त्याचे काम होते. तथापि पाडणे सोपे असते आणि बांधणे कठीण असते. १९११ च्या खानेसुमारीच्या वेळी शहरातील दोन-तृतीयांशाहून अधिक लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या सुधार ट्रस्टच्या चाळीत १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. ज्या माणसाने पुढे देशाची घटना घडविली, त्याच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे चाळीत गेली, ही गोष्ट चाळीचा इतिहास हलका मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

पुढे पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते निघाले. त्या खात्याच्या वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथील बी.डी.डी. चाळी आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाच्या असतील. एकंदर २०७ चाळी, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. विचार होता पन्नास हजार खोल्यांचा. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच खोल्या प्रत्यक्षात उभ्या राहिल्या.

परंतु खरा इतिहास या आकड्यांत नाही. तो त्या खोलीत माणसे कशी राहत होती, यात आहे. आपल्या भागातील गावांनी मुंबईत एक संस्था निर्माण केली होती. तिची नोंद कोणत्याही निबंधकाच्या दप्तरी नव्हती, तिला पोटनियम नव्हते, छापील पावतीपुस्तक क्वचितच असे. ती म्हणजे गावकीची खोली. एका गावची माणसे मिळून एक खोली भाड्याने घेत. तीत वीस-पंचवीस, कधी त्याहूनही अधिक गडी नांदत. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि खुंटीवरचा एक सदरा. दिवसपाळीचा कामावर गेला की रातपाळीचा त्याच जागी अंग टाकी. जेवण खाणावळीत, म्हणजे गावाकडचीच कोणी बाई चालवीत असे तेथे. दरमहा वर्गणी निघे. तीतून भाडे जाई, आजाऱ्याला मदत जाई आणि उरेल त्यातून गावच्या देवळाला किंवा शाळेला काही पाठविले जाई. गावाहून नवा पोरगा आला की त्याला 'जागा नाही' असे म्हणण्याचा रिवाज नव्हता. सारे थोडे थोडे सरकत. आणि कोणी कायमचा गावी परतला तर त्याची जागा भावाला किंवा पुतण्याला मिळे. ती परक्याला विकण्याची कल्पनाही कोणाच्या मनात येत नसे.

मी हे तपशिलाने सांगतो आहे ते केवळ जुन्या आठवणींचे कौतुक म्हणून नव्हे. सहकारी घरबांधणीची सारी तत्त्वे या खोलीत होती. भोगवटा सर्वांचा, खर्च वाटून, प्रवेश संमतीने, आणि जागेवर नफा नाही. उणीव एकच, पण ती प्राणघातक होती. भाड्याची पावती एकाच्या नावाने फाटे. म्हणजे चौवीसजण नांदत असले तरी कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू एकच. त्याचे मन फिरले, किंवा तो वारला आणि मुलांनी वेगळा विचार केला, की बाकीच्यांचा हक्क केवळ शब्दावर उरे. विश्वास ही मोठी गोष्ट खरी, पण विश्वासाला कागदाचा आधार नसला की दुसऱ्या पिढीत तो टिकत नाही.

हा कागदाचा आधार कोठून आला, हे पाहताना आपण जाहिरातीतील दुसऱ्या शब्दाकडे, 'सोसायटी'कडे येतो.

इंग्लंडात रॉचडेल येथील २८ जणांनी, त्यांत बरेचसे विणकर होते, १८४४ साली एक दुकान काढले. सहकाराचा आरंभ म्हणून हे दुकान सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या मंडळींनी आपल्या नियमांत जी उद्दिष्टे लिहून ठेवली होती, त्यांत सभासदांसाठी घरे बांधणे किंवा विकत घेणे हेही एक होते, याचा पुष्कळांना विसर पडतो. साखर आणि पीठ एकत्र घ्यावे, त्याचप्रमाणे छप्परही एकत्र उभारावे, ही कल्पना सहकाराच्या जन्मापासूनची आहे. १९०१ साली लंडनजवळ ईलिंग येथे तिला नवे रूप मिळाले. तेथील संस्थेने असे ठरविले की घरे संस्थेच्या मालकीची राहावीत. राहणाऱ्याने संस्थेचे भाग घ्यावेत आणि भाडेही भरावे. म्हणजे तो एकाच वेळी भाडेकरू आणि आपल्याच घरमालकाचा भागीदार. यालाच आपल्याकडे पुढे 'भाडेकरू सहभागीदारी' असे नाव पडले. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी १८८० नंतरच्या दशकात अशाच तऱ्हेच्या इमारती निघाल्या होत्या, पण त्या प्रथम श्रीमंतांच्या सोयीसाठी होत्या. आजही त्या शहरात संस्थेच्या घरात राहणारा माणूस भिंतींचा मालक नसतो. तो भागांचा मालक असतो आणि भागांच्या आधारे त्याला राहण्याचा हक्क मिळतो.

हिंदुस्थानात सहकाराचा कायदा १९०४ साली झाला, पण तो केवळ पतपेढ्यांपुरता. शेतकऱ्याला सावकाराच्या हातून सोडवावे, एवढीच दृष्टी त्यामागे होती. १९१२ च्या कायद्याने दार मोठे केले आणि इतर कामांसाठीही संस्था काढता येऊ लागल्या. म्हैसूर संस्थानात बंगळूर येथे १९०९ मध्येच घरबांधणीची एक सहकारी संस्था निघाली होती. मुंबईत हा मान गावदेवीच्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे जातो. तिची नोंद १९१५ सालची. आशियातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था असाही तिचा उल्लेख होत असतो. सुधार ट्रस्टच्या गावदेवी योजनेतील भाडेपट्ट्याच्या जमिनीवर ती उभी राहिली. तिच्यामागचे कर्ते पुरुष म्हणजे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. १९०६ च्या डिसेंबरात निघालेल्या शामराव विठ्ठल सहकारी पेढीचे संस्थापकही तेच. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तालमकींपुढे प्रश्न होता तो कारवार-मंगळूरकडून मुंबईस आलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांचा. हे लोक कचेऱ्यांतून कारकुनी करीत. पगार बेताचा, परंतु नियमित. एकट्याला जमीन घेऊन घर बांधणे अशक्य. घरमालकाच्या चाळीत राहणे मनाला न पटणारे. तालमकींनी जे ओळखले ते असे की, नियमित पगार हेच तारण आहे. शंभरजणांचे शंभर लहान पगार एकत्र बांधले की त्यावर कर्ज मिळते, आणि ते कर्ज दरमहाच्या भाड्यातून फिटते. यात दानधर्म नाही, सरकारची कृपाही नाही. यात हिशेब आहे. आणि हिशेबाइतकेच एकमेकांवर लक्ष आहे, कारण एकाने हप्ता चुकविला तर त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो.

या ठिकाणी दोन प्रकारच्या संस्थांतील भेद सांगणे अवश्य आहे, कारण घर घेताना पुष्कळांची फसगत येथेच होते. एका प्रकारात संस्था जमीन मिळविते आणि तिचे तुकडे सभासदांना देते; सभासद आपापले घर बांधतो. ही भाडेकरू-मालकी संस्था. पुण्या-सांगलीसारख्या शहरांत बंगल्यांच्या ज्या सोसायट्या दिसतात, त्यांत असा नमुना पुष्कळदा आढळतो. दुसऱ्या प्रकारात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची. सभासदाकडे भाग आणि भोगवट्याचा हक्क. ही भाडेकरू-सहभागीदारी संस्था. मुंबईतील बहुमजली सोसायट्या प्रायः या दुसऱ्या प्रकारच्या. तेथे जो माणूस 'हे माझे घर' म्हणतो, त्याचे घर कायद्याच्या भाषेत त्याने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी मिळून धारण केलेले असते.

आता तिसरा शब्द : 'शांत'. हा शब्द वाटतो तितका साधा नाही. चाळीच्या जाहिरातीत तो कधीच आला नसता. चाळीत शांतता नव्हती, आणि ती कोणाला फारशी हवीही नव्हती. पोराला बरे नसले तर ते साऱ्या मजल्याला कळे आणि सारा मजला धावून येई. शांततेची मागणी उत्पन्न झाली ती दादर-माटुंग्याकडे १९२० नंतर उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींतून. तेथे 'फ्लॅट' नावाचा प्रकार जन्माला आला. त्याचे वैशिष्ट्य खोल्यांच्या संख्येत नव्हते. दार लावले की आत सर्व काही आहे, यात होते. नळ आत, स्वयंपाकघर आत आणि संडासही आत. आज आपल्याला यात नवल वाटत नाही, पण त्या पिढीच्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांना ही मोठी ठोकर होती. ज्या गोष्टीला घरापासून दूर, परसाच्या टोकाला ठेवावयाचे, ती देवघराच्या छपराखाली आली. आरोग्य, सोय आणि जमिनीचा भाव या तिघांनी मिळून जे केले, ते व्याख्याने देऊन कोणा सुधारकाला साधले नसते. त्याबरोबर सामाईक ओटी गेली आणि दाराला कडी आली.

शांततेलाही भाव असतो, हे महाबळेश्वरकरांना मी काय सांगावे! १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी हे पठार चढून आला. १८२९ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून, वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात हे स्थान कंपनी सरकारकडे घेतले आणि माल्कम पेठ वसली. कशासाठी? थंड हवा आणि निवांतपणा यांसाठी. येथील किती तरी बंगल्यांखालची जमीन सरकारी, बंगलेवाल्याकडे भाडेपट्टा. पाहा, छप्पर एकाचे आणि भुई दुसऱ्याची, हा प्रकार गावदेवीच्या पुष्कळ आधी आपल्या या डोंगरावर रुजलेला होता. फरक एवढाच की येथे एका कुटुंबासाठी आठ-दहा खोल्या, त्याही वर्षातून थोडे महिने उघडणाऱ्या. आणि त्याच वेळी जावळी खोऱ्यातील गडी मुंबईत एका खोलीत पाळीपाळीने झोपत होता. एकाच तालुक्याच्या इतिहासातील ही दोन पाने एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

आणि आता शेवटचा, सर्वांत अवघड शब्द : 'विकणे'.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांचा लोंढा आला. भाडी भडकू नयेत म्हणून निर्बंध आले आणि १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने ते पक्के झाले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, ते प्रमाण मानले गेले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, हे निःसंशय चांगले झाले. लक्षावधी कुटुंबे त्यामुळे रस्त्यावर येण्यापासून वाचली. तथापि प्रत्येक उपायाची एक सावली असते. महागाई वाढत गेली आणि भाडे मात्र जागच्या जागी राहिले, तेव्हा भाड्यासाठी घर बांधणे हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. जुन्या इमारतींची दुरुस्ती थांबली. जागा हातोहात देताना गुपचूप पागडी घेतली जाऊ लागली. ती गुन्हा होती, आणि सर्रास चालत होती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायद्याने पुढे तिला मान्यता दिली, म्हणजे अर्धशतक जे चोरून चालले होते ते उघड झाले.

भाड्याने देण्यात लाभ नाही असे दिसल्यावर बांधणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. इमारत बांधावयाची आणि तिच्यातील एकेक फ्लॅट विकून टाकावयाचा. घेणारे मागाहून सोसायटी काढीत. येथे इतिहासाने एक मोठे वळण घेतले, आणि ते कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. तालमकींच्या काळी माणसे आधी एकत्र येत आणि मग इमारत उभी राही. आता इमारत आधी उभी राहू लागली, आणि ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही अशी माणसे सहकाराच्या नावाखाली मागाहून एकत्र बांधली जाऊ लागली. 'सोसायटी' हा शब्द तोच राहिला. आतला अर्थ बदलला.

या नव्या व्यवहारात फसवणुकीला भरपूर वाव होता. एकच फ्लॅट दोघांना विकला जाई, नकाशात एक आणि प्रत्यक्षात भलतेच निघे, पैसे घेऊन काम अर्धवट टाकले जाई. म्हणून १९६३ साली महाराष्ट्राने मालकी-सदनिकांचा कायदा केला. करारनामा केल्यावाचून बांधणाऱ्याने किमतीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक रक्कम घेऊ नये, घेणाऱ्यांची संस्था स्थापन करून द्यावी आणि जमीन व इमारत त्या संस्थेच्या नावे करून द्यावी, असे त्याने सांगितले. त्याआधीच १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला होता. कागदावर व्यवस्था चोख झाली. पण शेवटची अट, जमीन नावे करून देण्याची, किती तरी ठिकाणी पाळलीच गेली नाही. माणसे वीस-वीस, तीस-तीस वर्षे घरात राहिली, मुलांची लग्ने त्या घरातून झाली, आणि जमीन मात्र कागदोपत्री मूळ मालकाच्या किंवा बांधणाऱ्याच्याच नावाने! अखेर २००८ च्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरण' आले. म्हणजे त्याने करून दिले नाही तर सक्षम अधिकाऱ्याने चौकशी करून संस्थेला जमीन मिळवून द्यावी. २०१६ च्या केंद्रीय स्थावर-संपदा कायद्याने बांधणाऱ्यांवर आणखी बंधने घातली आणि करारापूर्वी घ्यावयाची रक्कम दहाव्या हिश्श्यावर आणली.

आता विक्रीचे मर्म पाहा. सोसायटीच्या सभासदाकडे असतो तो भागदाखला. एका भागाची दर्शनी किंमत ५० रुपये. जुन्या संस्थांत पाच भाग, म्हणजे अडीचशे रुपये. पुढे दहा भाग, म्हणजे पाचशे. या अडीचशे रुपयांच्या कागदावर आज मुंबईत लाखांचे नव्हे, कोटींचे व्यवहार होतात. हे कसे झाले? मूळ सहभागीदारीच्या कल्पनेत सभासद घर सोडून गेला तर त्याने आपले भाग संस्थेला परत करावेत, भरलेले पैसे घ्यावेत, आणि जागा रांगेतील दुसऱ्या गरजूला मिळावी, असा भाव होता. तो भाव फार काळ टिकला नाही. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईतील एका सोसायटीच्या सभासदाचे प्रकरण आले. त्याच्यावर कर्जाचा हुकूमनामा होता. धनकोला फ्लॅट जप्त करून विकावयाचा होता. प्रश्न असा की जी इमारत संस्थेची, तीतील जागा सभासदाची मालमत्ता म्हणून विकता येईल काय? न्यायालयाने सांगितले की भागांबरोबर येणारा भोगवट्याचा हक्क ही मालमत्ता आहे, तिला किंमत आहे आणि ती जप्त होऊन विकली जाऊ शकते. व्यवहारात लोकांनी जे आधीच ठरवून टाकले होते, त्यावर कायद्याचा शिक्का बसला. त्या दिवशी सहकारी घर हे निवाऱ्याबरोबर ऐवजही झाले.

यात वाईट काय, असे आपण विचाराल. कारकुनाने आयुष्यभर हप्ते भरले. म्हातारपणी एका खोलीचे ते घर विकून त्याने साताऱ्यास परत यावे, औषधपाण्याला चार पैसे ठेवावेत, मुलीला काही द्यावे, तर त्याला नावे का ठेवावीत? मीही ठेवणार नाही. भागदाखल्याने मध्यमवर्गाला जे स्थैर्य दिले, ते पागडीच्या अंधाऱ्या व्यवहारापेक्षा किती तरी प्रतिष्ठेचे आहे. पण जमाखर्चाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. विकणारा ज्या किमतीला विकतो, त्या किमतीला त्याच्याच जागी नवा आलेला कारकून घेऊ शकत नाही. तालमकींनी ज्या वर्गासाठी हे यंत्र उभे केले, त्याच वर्गाच्या पुढच्या पिढीच्या हातून ते निसटले. शिडी चढून गेलेल्याने शिडी विकली, असे याचे स्वरूप आहे.

ही अडचण ओळखून काही ठिकाणी विक्रीवर काही वर्षांची बंदी घालण्यात आली. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. त्या जमिनींवर कामगारांसाठी बांधलेली सव्वादोनशे चौरस फुटांची घरे २०१२ पासून सोडतीने मिळू लागली. ही घरे ठरावीक मुदतीपर्यंत विकावयाची नाहीत, अशी अट त्यांत होती. त्या यादीत आपल्या जिल्ह्यांतील कुटुंबे थोडीथोडकी नव्हती. गोदीबाजारातील माथाडींची कथाही अशीच. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि एका खोलीत दहाजण राहणाऱ्या हमालांच्या कुटुंबांना पुढे नव्या मुंबईत स्वतःची दारे मिळाली. गावकीच्या खोलीतून भागदाखल्यापर्यंतचा हा प्रवास दोन पिढ्यांत झाला. हा प्रवास ज्यांनी केला त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकात नसतील, पण या सभागृहात त्यांची नातवंडे बसलेली असतील.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो जाहिरातीत लिहिलेला नसतो : विकणे आहे, पण कोणाला?

सहकाराचा कायदा सांगतो की पात्र माणसाला पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज करून तीन महिन्यांत नकार कळविला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे समजले जाई. बाजारभाव कितीही असो, हस्तांतरणाचे शुल्क महापालिका क्षेत्रात पंचवीस हजार रुपयांहून अधिक घेऊ नये, असे शासनाने २००१ साली ठरवून दिले. कायद्याचा कल दार उघडे ठेवण्याकडे आहे. परंतु इतिहासाचा कल तसा नव्हता. मुंबईतील पहिल्या सोसायट्या निघाल्या त्याच मुळी ज्ञातींच्या. परक्या शहरात माणूस प्रथम ओळखीचा हात शोधतो. हप्ता कोण भरील आणि कोण बुडवील हे ज्ञातीत ठाऊक असे, म्हणून कर्जही मिळे. आरंभ म्हणून ते समजण्यासारखे होते. पण आरंभीचा आधार पुढे कुंपण होऊन बसला. २००५ साली गुजरातेतील एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, संस्थेने आपल्या पोटनियमांत सभासदत्व एका समाजापुरते ठेवले असेल, तर ते संघस्वातंत्र्यात बसते. कायद्याची दृष्टी ती झाली. आपण नागरिक म्हणून कोणती ठेवावयाची, हा प्रश्न त्याने संपत नाही. नाव सांगितल्याबरोबर 'जागा दिली गेली' असे उत्तर ऐकणारी माणसे आपल्या शहरांत आजही आहेत, आणि ते उत्तर देणाऱ्याला बहुधा कोणताही पोटनियम दाखविता येत नाही.

या प्रश्नाला आपल्या जिल्ह्याने एक उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. त्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ज्या काळी मुंबईचा सुशिक्षित वर्ग ज्ञातीज्ञातींच्या वेगळ्या इमारती बांधीत होता, त्याच काळी साताऱ्यात एक फारसा न शिकलेला माणूस एकत्र राहणे शिकवीत होता. सहकारी घरबांधणीला हिशेब तालमकींनी दिला. तिचे दुसरे अंग, म्हणजे शेजारी निवडताना जात पाहावयाची नाही हे, कर्मवीरांच्या वसतिगृहात सापडते. दोन्ही एकत्र आल्याशिवाय ती पुरी होत नाही.

महाराष्ट्रातील नोंदलेल्या सहकारी संस्थांपैकी निम्म्याहून अधिक संस्था आज घरबांधणीच्या आहेत. साखर कारखान्यांची आणि दूधसंघांची चर्चा आपण चवीने करतो. परंतु सामान्य नागरिकाचा सहकाराशी रोजचा संबंध येतो तो जिन्यातच. म्हणून व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. आपल्या घरचे कोणी मुंबई-पुण्यास एका खोलीचे घर घेत असेल, तर त्याने भिंती आणि खिडक्या पाहाव्यातच. पण त्याआधी जमीन संस्थेच्या नावे झाली आहे काय हे विचारावे. भागदाखला विकणाऱ्याच्याच नावावर आहे काय, त्यावर बोजा आहे काय, हे पाहावे. संस्थेचे गेल्या दोन-तीन वर्षांचे हिशेब आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचावयास मागावे. ज्या संस्थेचे इतिवृत्त नीट लिहिलेले असते, तिचे पाण्याचे नळही बहुधा नीट चालतात. आणि घर घेतल्यावर वर्षातून एकदा भरणाऱ्या त्या सभेला जाऊन बसावे. गावकीच्या खोलीतील निरक्षर गडी महिन्याच्या महिन्याला एकत्र बसून हिशेब ऐकत असे. आपण शिकलेली माणसे सभेची नोटीस दारातून उचलून रद्दीत टाकतो आणि नंतर कमिटीला दोष देतो.

माणसाला चार भिंती लागतात, त्या त्याला मिळाल्याच पाहिजेत. परंतु सव्वाशे वर्षांच्या या इतिहासात ज्यांना एकट्याने भिंती उभारता आल्या नाहीत, त्यांनी त्या दुसऱ्याच्या भरवशावर उभारल्या, हे वारंवार दिसते. त्या भरवशाला कधी गावकीचे, कधी ज्ञातीचे, कधी कायद्याचे नाव मिळाले. नागरिकत्वाचे नाव त्याला मिळावयाचे अजून राहिले आहे. ते काम आपल्या पिढीचे आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.